जिन्याखालचा फळा

नागदेवी स्ट्रीटवर, मंडळाच्या जिन्याखाली
एक काळा फळा आहे.
एकतीस वर्षं मी त्यावर लिहितो,
सकाळी पावणेदहाला, शटरं अर्धी वर असताना.

त्या दिवशी लिहिलं:
पाणी साडेचारला येईल, पिंपं भरून ठेवा.
गाला आणि कंपनीचं गोदाम भिवंडीला हललं,
काउंटर इथेच.
शब्बीरभाई बोल्टवाल्यांची धाकटी सून सीए झाली,
पेढे ऑफिसात आहेत
(होते).
हातगाड्यांच्या वेळेबद्दल पोलिसांशी बोलणं चालू आहे.
हे वाक्य मी दर वर्षी लिहितो.
आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
पाहिजे, हिशेबाला व मालाला, एक माणूस.
शिकाऊ चालेल.

ती त्या कोपऱ्यासमोर उभी.
विक्रोळीची, कन्नमवार नगरातली, बी.कॉम.,
छातीशी प्लास्टिकची फाइल,
फाइलमध्ये सतरा सर्टिफिकेटं,
एक निबंध स्पर्धेचंसुद्धा.
"माणूस म्हणजे पुरुषच का?"
मी ओल्या फडक्याने 'माणूस' पुसला.
खडू हातात तसाच.
पुढे काय लिहावं सुचेना.
शेवटी लिहिलं: कोणीतरी.

मग चहा आला, म्हणून बोललो.
सल्ला द्यायची मला सवय नाही.
मला कोणी दिला नव्हता,
दिला असता तर ऐकला नसता.

फाइल घरी ठेव, म्हटलं, उद्या जुना रुमाल आण,
इथे सगळ्याला तेल लागलेलं असतं.
पगार विचार. पहिल्याच दिवशी, उभ्या उभ्या.
आज लाजलीस तर वर्षभर लाजशील
आणि शेठ ती लाज जमेच्या बाजूला मांडेल.
लखमशीभाई ओरडतात, ते भावावर, माणसावर नाही;
पण जो हळू बोलतो आणि बिल नको म्हणतो
त्याच्याकडे दोनदा बघ.
मालाची यादी सावकाश पाठ होईल,
आधी उधारीची वही वाच,
या गल्लीत कोण कोणाचा लागतो ते तिथे कळतं.
इंची आणि मिलिमीटर डोळ्याला सारखेच दिसतात.
नखाला नाही.

आणि हे बघ...
माझ्या खिशात एक नट-बोल्ट असतोच,
लोकांच्या खिशात सुपारी असते तसा.
पहिले दोन आटे बोटांनीच.
पाना नंतर.
वाकडा बसलेला नट पान्याने पुढे जातो,
तेच तर वाईट, पुढे जातो,
आणि आतले आटे मरतात.

तिने तो फिरवला, सोडला, पुन्हा फिरवला.

हे नाही सांगितलं
की मला टर्नर व्हायचं होतं,
कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात जागा निघाली होती,
फळ्यावर ती मीच लिहिली होती,
आठ दिवस रोज वाचली,
आणि नवव्या दिवशी मीच पुसली.

अकरा महिने झाले.
बातमी व्हावी असं काही घडलं नाही.
गालांच्या काउंटरमागे एक स्टूल वाढलं,
बिलांवरचं अक्षर सुधारलं,
एकदा जीएसटीच्या शिबिरात तिने असा प्रश्न विचारला
की साहेबांनी पाणी मागवलं.

आमच्या फळ्यावर नाव यायचं तर
लग्न लागावं लागतं, किंवा निधन,
नाहीतर उधारी बुडवावी लागते.
काल एक चिठ्ठी आली, कडेला तेलाचा अंगठा:
हरवला आहे, स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा,
झाकणावर 'तृ. धु.' कोरलेलं.
तृप्ता धुळप, गाळा नं. ४१.
आतली भाजी खाल्ली असली तरी चालेल.

मी लिहिलं, पाण्याच्या वेळेच्या लगेच खाली.
धुळपमधला ळ जरा मोठा आला.

दुपारपर्यंत गाळा नंबर एक्केचाळीसवर
तीन डबे पोचले.
त्यातला एकही तिचा नव्हता.